बेस गिटारचे सॅम्पल आणि लूप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात बेस गिटार वाजवणाऱ्यांची पत्रे बरीच होती. संगणकावर गाणी बांधणाऱ्या सहकाऱ्यांना आपल्या वाद्याचे सुटे स्वर (सॅम्पल) आणि पुन्हापुन्हा वाजवता येणारे छोटे तालबद्ध तुकडे (लूप) ध्वनिमुद्रित करून द्यावेत, असे अनेकांच्या मनात आहे. हे काम चिकाटीचे आहे आणि ते नीट झाले तर कित्येकांच्या उपयोगी पडते. म्हणून हे सदर आम्ही पूर्णपणे त्यालाच दिले आहे.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. आमच्यातले काही संगीतकार घरी लॅपटॉपवर चाली बांधतात आणि बेससाठी किबोर्डमधला तयार आवाज वापरतात. त्यांच्यासाठी माझ्या वाद्याची सॅम्पल लायब्ररी करायची आहे. ॲम्प्लिफायरसमोर माइक लावावा की वाद्य थेट जोडावे? थेट जोडले की मागे घरघर ऐकू येते, तिचे काय करावे? — एक वाचक, सांगली

वाद्य थेट जोडा. लायब्ररी वापरणारा माणूस तुमच्या खोलीत बसलेला नसतो आणि त्याच्या गाण्याला कोणत्या ॲम्प्लिफायरचा रंग हवा आहे हे तुम्हाला आज ठाऊक नसते. थेट घेतलेल्या कोऱ्या आवाजाला तो पुढे हवा तो रंग देऊ शकतो. एकदा चढवलेला रंग मात्र उतरवता येत नाही. खोलीचे कारण तर याहून मोठे आहे. बेसच्या मोकळ्या जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि हवेत त्याची एक लहर जवळजवळ सव्वाआठ मीटर लांब भरते. तीन-साडेतीन मीटरच्या घरगुती खोलीत असे खालचे स्वर भिंतींवरून परतून एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एक स्वर फुगतो आणि शेजारचा स्वर नाहीसा होतो. तुम्ही सारख्या जोराने वाजवूनही माइकने टिपलेले स्वर असमान येतात आणि सॅम्पल लायब्ररीत या असमानतेइतके तापदायक दुसरे काही नाही. ॲम्प्लिफायरचा आवाज द्यायचाच असेल तर तो थेट आवाजाबरोबरच, पण वेगळ्या फाइलमध्ये घ्या. हवेतून आवाज एका मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे एक हात दूर ठेवलेला माइक दीड-दोन मिलिसेकंद मागे असतो. दोन्ही फाइली एकत्र वाजवल्यावर खर्ज पातळ होऊ नये म्हणून माइकची फाइल तेवढी आधी, म्हणजे पडद्यावर डावीकडे, सरकवून जुळवून घ्या.

वाद्य संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर, म्हणजे ऑडिओ इंटरफेसवर, वाद्यासाठी वेगळे बटण असते, त्याला बहुधा ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ असे नाव असते. ते दाबल्याशिवाय पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपचा, म्हणजे तारांखालच्या चुंबकी भागाचा, आवाज बोथट येतो. ध्वनिमुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ आणि मोनो ठेवा. सर्वांत जोरकस आघात पूर्ण मर्यादेच्या सात-आठ डेसिबल खाली राहील असा गेन एकदाच ठरवा आणि लायब्ररी पूर्ण होईपर्यंत त्या बटणाला हात लावू नका.

आता घरघर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी हा स्वर ४९ हर्ट्झचा आहे. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्यांचा हाच षड्ज. विजेची घरघर आणि हा स्वर एकत्र आले की सेकंदाला साधारण एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. सप्तकभर वरचा जी ९८ हर्ट्झचा आणि घरघरीचा दुसरा अंश १०० हर्ट्झचा, त्यामुळे तिथे हाच हेलकावा दुप्पट वेगाने ऐकू येतो. ही घरघर फिल्टरने कापू गेलात तर तिच्याबरोबर स्वरही कापला जातो. परदेशी मार्गदर्शनात याचा उल्लेख वेगळ्या स्वरासंदर्भात आढळतो, कारण अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आहे आणि तो आकडा बी या स्वराच्या जवळ पडतो. आपण आपल्या जीकडे लक्ष द्यावे.

म्हणून घरघर उगमापाशीच थांबवली पाहिजे. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर सॉकेटमधूनच काढा. पंख्याचा रेग्युलेटर आणि मंद-तेज होणारे दिवे बंद करा. इंटरफेस ज्या बोर्डाला जोडला आहे त्याच्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत ती पिन पुष्कळदा नुसतीच बसवलेली असते. मग वाद्य हातात घेऊन खुर्चीवर हळूहळू फिरा. सिंगल कॉइल पिकअपची घरघर दिशेनुसार कमी-जास्त होते. जिथे ती सर्वांत कमी होईल तिथे खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा करून ठेवा. तुमचे वाद्य जॅझ बेसच्या घडणीचे असेल तर दोन्ही पिकअप सारख्याच आवाजावर ठेवा, म्हणजे बहुतेक वाद्यांत दोघांची घरघर एकमेकींना मारते. प्रिसिजन बेसच्या दुभंगलेल्या पिकअपला १९५७ पासून ही सोय अंगभूत आहे. घरघर काढण्याचे सॉफ्टवेअर शेवटचा उपाय समजा, कारण ते स्वराच्या विझत जाणाऱ्या शेपटीलाही घरघर समजून खाते.

प्रश्न : प्रत्येक पडद्यावरचा स्वर घ्यावा लागतो का? एकेक स्वर किती वेळा वाजवायचा? — एक वाचक, नाशिक

चार तारा, वीस पडदे आणि मोकळ्या तारा धरून बेसवर ८४ जागा होतात. प्रत्येक जागा चार जोरांत आणि प्रत्येक जोर चार वेळा घेतला तर १,३४४ फाइली होतात. हा आकडा पाहून काम सोडून देणारे बरेच असतात, म्हणून पहिल्या आवृत्तीसाठी एक मर्यादा सुचवतो. बाराव्या पडद्यापर्यंतच जा, म्हणजे ५२ जागा होतील. जोर तीन घ्या आणि प्रत्येकाच्या चार आवृत्त्या घ्या. हे ६२४ स्वर झाले. सरासरी सहा सेकंद धरले तर सारे मिळून तासाभराच्या थोडे वर जाते आणि २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ मोनोमध्ये ते सुमारे ५४० मेगाबाइट भरते. एवढी फाइल कोणीही उतरवून घेऊ शकतो.

एक स्वर घेऊन तो संगणकावर वर-खाली खेचून बाकीचे भागवावेत असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो बासरीला किंवा पॅडला कदाचित चालेल, बेसला चालत नाही. तारेवर बोट पडल्यावरचा पहिला ‘टक्’ हा स्वराबरोबर वर-खाली होत नसतो. तो लाकडाचा, तारेच्या वेटोळ्यांचा आणि बोटाच्या कातडीचा आवाज आहे. स्वर खेचला की तोही खेचला जातो आणि वाद्य खोटे वाटू लागते. शिवाय एकाच स्वराच्या दोन जागांचा स्वभाव निराळा असतो. ए ही मोकळी तार आणि जाड तारेच्या पाचव्या पडद्यावरचा ए यांची उंची एकच आहे, पण पहिला उजळ आणि दुसरा जाड, दाणेदार आहे. दोन्ही द्या आणि कोणता कुठला हे फाइलीत नोंदवा, निवड वापरणाऱ्याची.

चार आवृत्त्या कशासाठी, हेही सांगतो. एकच फाइल सलग आठ वेळा वाजली की तिसऱ्या आघातापासून कानाला यंत्राचा वास येतो. सॅम्पलर, म्हणजे हे स्वर कळीवर वाजवणारे सॉफ्टवेअर, दर वेळी वेगळी आवृत्ती फिरवून वाजवतो, त्याला राऊंड रॉबिन म्हणतात. बेसवादकाकडे ही विविधता मुळातच असते, कारण तो तर्जनी आणि मध्यमा आलटून-पालटून वापरतो आणि दोन्ही बोटांचा आघात कधीच सारखा नसतो. तेव्हा दोन आवृत्त्या तर्जनीच्या आणि दोन मध्यमेच्या घ्या. मुद्दाम वेगळे वाजवण्याचा प्रयत्न करू नका. वेगळेपण आपोआप येते.

एका स्वराचे काम असे चालते. ज्या तारा वाजवायच्या नाहीत त्या मऊ स्पंजाच्या तुकड्याने किंवा डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी दाबून ठेवा, नाहीतर त्या आपोआप घुमू लागतात. ट्यूनर पाहा. श्वास सोडा, एक सेकंद पूर्ण शांतता जाऊ द्या, तार छेडा आणि हलू नका. स्वर पूर्ण विझेपर्यंत थांबा. मोकळी जाड तार पंधरा-वीस सेकंद रेंगाळते, ती रेंगाळू द्या, पुढे कापता येते. स्वर सोडताना बोट उचलल्याचा जो लहानसा आवाज होतो तो वेगळा घ्या, कारण सॅम्पलरमध्ये कळ सोडल्यावर तोच वाजवला की मागे माणूस असल्याची खात्री पटते. अतिजोरात छेडलेली तार सुरुवातीला किंचित चढी वाजते आणि मग स्वरावर येते. ती बेसची खरी चाल आहे, तिला सॉफ्टवेअरने सरळ करू नका. मात्र बाराव्या पडद्यावर स्वर कायमच चढा किंवा उतरा येत असेल तर तो ब्रिजवरच्या सॅडलचा दोष आहे आणि तो ध्वनिमुद्रणाआधीच दूर केला पाहिजे.

आणखी एका जागेबद्दल सावध करतो. लाकडी मानेच्या बहुतेक बेसवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर लवकर मरतो. त्या उंचीला मान स्वतःच थरथरू लागते आणि तारेची शक्ती शोषून घेते. वाजवताना हात सवयीने सांभाळून घेतात, पण सुट्या स्वरांच्या रांगेत हा स्वर उघडा पडतो. जाड तारेपासून मोजलेल्या तिसऱ्या तारेच्या दहाव्या ते बाराव्या पडद्यावर हेच स्वर मिळतात, ते मुख्य म्हणून वापरा. वाद्याच्या डोक्याला एखादे लहान वजन पकडीने लावले तरी मेलेली जागा थोडी सरकते आणि काम भागते.

सुटे स्वर झाल्यावर दाबलेल्या तारांचे मुके आघात, एका पडद्यावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडी आणि तारेवरून बोट फिरल्याची खरखर मूठभर घ्या. यांच्यासाठी काटेकोर तक्ता लागत नाही, पण यांच्यावाचून केलेली बेसची ओळ कोरडी राहते.

प्रश्न : नव्या तारा लावून ध्वनिमुद्रण करावे की जुन्या चालतील? — एक वाचक, मडगाव

आधी काय हवे ते ठरवा. वेटोळ्याच्या नव्या तारा पहिले काही तास फार झगझगीत वाजतात आणि घामाने, वापराने भराभर मंदावतात. त्यामुळे पहिल्या दिवशीचा मोकळा ई आणि चौथ्या दिवशीचा ई एकाच वाद्याचे वाटत नाहीत. तारा लावून एक-दोन दिवस नेहमीसारखे वाजवा, झगझगाट स्थिरावला की लागोपाठच्या दिवसांत सगळे काम उरका, दर सत्राआधी हात धुवा आणि सत्र संपल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसा. किनारपट्टीच्या दमट हवेत हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण तिथे मानही हलते आणि तारांची उंची बदलते. सपाट पृष्ठाच्या तारा महिनोन्महिने एकसारख्या राहतात. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या जुन्या गाण्यांत बेसवादक जेम्स जेमरसन यांच्या प्रिसिजन बेसचा जो गोल, ठसठशीत आवाज ऐकू येतो तो अशाच तारांचा आहे. पहिलीच लायब्ररी करणाऱ्याने सपाट तारा निवडाव्यात असे मला वाटते.

प्रश्न : सुट्या स्वरांपेक्षा लूप अधिक उपयोगी पडतील असे मित्र म्हणतात. लूप कोणत्या लयीत, कोणत्या पट्टीत वाजवावेत? ते जोडले की सांध्यावर ‘टिक’ असा आवाज येतो. — एक वाचक, पुणे

सांध्यापासून सुरुवात करू, कारण त्यावर उपाय निश्चित आहे. लूप एकदाच वाजवून कापला तर त्याच्या शेवटच्या स्वराची शेपटी तुटते आणि पहिला स्वर शांततेतून उगवतो. जोडल्यावर हा खळगा ऐकू येणारच. तीच ओळ क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) न थांबता तीन आवर्तने वाजवा आणि मधले आवर्तन कापून घ्या. त्याच्या आरंभी मागच्या आवर्तनाची शेपटी असते आणि शेवटी हातही पुढच्या समेच्या तयारीत असतो, त्यामुळे सांधा मिटतो. काप तरंग शून्यरेषा ओलांडतो त्या जागी घ्या आणि दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिसेकंदांचा उतार द्या, म्हणजे ‘टिक’ जाईल.

लय निवडताना थोडे गणित करा. ४८ किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेताना, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा बरोबर २४,००० नमुन्यांची होते. १०० च्या लयीत २८,८००, ९६ च्या लयीत ३०,००० आणि ९० च्या लयीत ३२,०००. ११० ची लय घेतली तर मात्रा अपूर्णांकात येते आणि प्रत्येक आवर्तनाचा काप अंदाजाने घ्यावा लागतो. फरक सूक्ष्म असतो, हे खरे, पण पूर्णांकात बसणारी लय घेतली तर फाइलची लांबी पाहूनच काप चुकला की नाही हे कळते. दादऱ्याचे ९६ च्या लयीतले एक आवर्तन १,८०,००० नमुन्यांचे, म्हणजे पावणेचार सेकंदांचे. रूपकाचे १२० च्या लयीतले आवर्तन १,६८,००० नमुन्यांचे, म्हणजे साडेतीन सेकंदांचे. फाइल एवढीच भरली पाहिजे.

ताल हा या कामाचा गाभा आहे. बाजारात मिळणारे बेसचे लूप बहुतेक चार मात्रांच्या पाश्चात्त्य ठेक्यातले असतात आणि ते पुरेसे झाले आहेत. आपल्या संगीतकारांना कमी पडतात ते भजनी ठेक्याचे, दादऱ्याचे, रूपकाचे, कोळीगीतातल्या सहाच्या झोक्याचे आणि ढोलकीच्या अंगाने चालणारे लूप. हे मुंबई-पुण्यात, कोकणात, गोव्यात बसून तुमच्यासारख्यांनीच करायचे आहेत. रूपक वाजवताना एक गोष्ट विशेष सांभाळा. बेसवादकाच्या हाताला पहिल्या मात्रेवर जोर देण्याची सवय असते, पण रूपकात समेवरच खाली आहे आणि टाळ्या चौथ्या व सहाव्या मात्रेवर येतात. तिथे पहिल्या मात्रेवर खर्जाचा दणका दिला की तबला आणि बेस एकमेकांच्या विरुद्ध चालतात. पहिल्या तीन मात्रा हलक्या ठेवा, एखादा लांब स्वर सोडा, आणि वजन चौथीवर व सहावीवर द्या.

पट्टीचा प्रश्न तितकाच व्यवहाराचा आहे. गिटारवादकांना ई, ए, डी सोयीचे, म्हणून लूपही त्यांतच निघतात. आपले गायक मात्र काळी एक, काळी दोन, काळी चार, काळी पाच मागतात. काळी एक बेसवर फार सोयीची बसते. जाड तारेपासून दुसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर षड्ज आणि त्याच पडद्यावर शेजारच्या जाड तारेवर मंद्र पंचम, म्हणजे बोट न हलवता दोन्ही मिळतात. या पट्ट्यांत षड्ज आणि पंचम मोकळ्या तारेवर येत नाहीत हाही फायदाच आहे, कारण ते स्वर तुमच्या बोटाखाली राहतात आणि त्यांची लांबी तुमच्या ताब्यात राहते. एका पट्टीत वाजवून संगणकावर दुसरीकडे नेणे अर्ध्या-एका स्वरापर्यंत ठीक आहे. त्यापुढे खर्ज चिखलासारखा होतो. वर सांगितलेल्या चारही पट्ट्यांत प्रत्यक्ष वाजवा.

निम्मे लूप फक्त षड्ज, पंचम आणि वरच्या षड्जाचे ठेवा. गंधार आला की लूप एका थाटाला बांधला जातो. तो नसला तर तोच लूप यमनच्या अंगाच्या भावगीताला चालतो आणि भैरवीलाही चालतो. मात्र मालकंसात आणि मारव्यात पंचम वर्ज्य आहे. मालकंसासाठी षड्ज-मध्यमाचे लूप स्वतंत्र करा आणि फाइलच्या नावातच तसे लिहा, म्हणजे एखाद्याच्या बंदिशीत नकळत पंचम शिरणार नाही.

वाजवलेले नंतर संगणकाने क्लिकवर काटेकोर बसवू नका. फक्त पहिल्या आवर्तनाची सम जागेवर आणा. मधले मागे-पुढे होणे हीच वादकाची चाल आहे आणि तिच्यासाठीच मित्र तुमच्याकडे आले आहेत. मात्र सारेच आघात एकाच अंतराने उशिरा दिसत असतील तर तो इंटरफेसचा विलंब आहे. इंटरफेसच्या आउटपुटमधून क्लिक परत इनपुटमध्ये घेऊन तो मोजा आणि सगळ्या फाइली तेवढ्याच सरकवा.

प्रश्न : कंप्रेसर आणि इक्वलायझर लावून तयार आवाज द्यावा का? — एक वाचक, कोल्हापूर

मुख्य संचाला काहीही लावू नका. प्रत्येक स्वर वेगवेगळा ‘नॉर्मलाइज’, म्हणजे चढवून एकाच पातळीवर, तर मुळीच करू नका, कारण हलक्या आणि जोरकस आघातातला जो फरक तुम्ही इतक्या कष्टाने टिपला तोच त्यात पुसला जातो. लूपचा एक तयार संच सोबत द्यायला हरकत नाही, पण तो वेगळ्या फोल्डरमध्ये असावा आणि कोऱ्या संचातल्या फाइलींशी त्यांची नावे जुळलेली असावीत.

प्रश्न : फाइलींची नावे कशी ठेवावीत आणि कोणत्या सॅम्पलरसाठी लायब्ररी बांधावी? — एक वाचक, ठाणे

नावात तारेचा क्रमांक, पडदा, स्वर, जोर, आवृत्ती या पाच गोष्टी याच क्रमाने लिहा; लूपच्या नावात ताल, लय, पट्टी आणि आवृत्ती. नावे इंग्रजी अक्षरांत व अंकांत ठेवा, मोकळी जागा सोडू नका आणि शार्पचे चिन्ह वापरू नका, त्याऐवजी ‘एस’ हे अक्षर लिहा. त्या चिन्हाला काही प्रणालींत वेगळा अर्थ आहे आणि फाइल सापडेनाशी होते.

सप्तकाच्या क्रमांकाचा घोळ इथेच मिटवून टाका. मिडीमधला (वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या सांकेतिक स्वरभाषेतला) ६० क्रमांकाचा स्वर काही कंपन्या सी ३ म्हणतात, काही सी ४. त्यात बेसचे स्वरलेखन प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर होते. परिणामी तुमचा ई १ समोरच्याच्या सॅम्पलरमध्ये भलत्याच कळीवर जाऊन बसतो. सर्वांत जाड मोकळ्या तारेचा मिडी क्रमांक २८ आहे. सोबतच्या माहितीपत्रात स्वराच्या नावाबरोबर हा क्रमांकही लिहा, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही.

सॅम्पलरबाबत माझे मत स्पष्ट आहे : आधी एसएफझेड. ती साध्या मजकुराची फाइल असते. कोणती ध्वनिफाइल, कोणत्या कळीपासून कोणत्या कळीपर्यंत, जोराच्या शून्य ते १२७ या पट्टीतल्या कोणत्या भागासाठी आणि आवर्तनात कितवी, एवढे तिच्यात ओळीने लिहायचे असते. ती कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, चुकीची ओळ दिसते, दुरुस्त करता येते आणि ती वाजवणारे प्लॉगचे सफॉर्झांडो फुकट मिळते. कॉन्टॅक्ट या विकत मिळणाऱ्या सॅम्पलरसाठी केलेली लायब्ररी देखणी असते, पण परवाना न घेतलेली लायब्ररी त्याच्या मोफत प्लेअरमध्ये १५ मिनिटांनंतर थांबते. पूर्ण आवृत्ती विकत घेणे तुमच्या सगळ्या मित्रांना जमेलच असे नाही. लूप मात्र साध्या वेव्ह फाइली म्हणूनच द्या आणि प्रत्येकाची मिडी फाइल जोडा, म्हणजे ज्याला ओळ आवडली पण एक स्वर बदलायचा आहे त्याला तुमच्याच सुट्या स्वरांवर ती पुन्हा बांधता येईल.

प्रश्न : जुन्या हिंदी-मराठी गाण्यांतल्या बेसच्या ओळी वाजवून लूप केले तर चालतील का? आणि लायब्ररी फुकट द्यायची असेल तर परवाना कोणता द्यावा? — एक वाचक, मुंबई

ओळखू येईल अशी ओळ घेऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि संगीतरचनेचा वेगळा असतो. मूळ ध्वनिमुद्रण न वापरता तुम्ही स्वतः वाजवले तर पहिल्या हक्काचा प्रश्न येत नाही, पण रचनेचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो आणि तो तसाच उभा राहतो. त्यात तुमचा लूप घेऊन गाणे करणाऱ्या मित्राला हे ठाऊकही नसते, म्हणजे अडचण त्याच्या दारात जाते. षड्ज-पंचमाची साधी चाल, चढत जाणारे सप्तक, भजनाचा ठरलेला खर्ज यांवर कोणाची मालकी नाही. त्यांतून पुष्कळ करता येते. हिंदी चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस जरूर ऐका आणि त्यातून स्वरांची लांबी, विराम, तबल्याला दिलेली जागा यांचा अभ्यास करा. ओळी मात्र तुमच्या असू द्या.

ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक कायद्याने निर्माता असतो, म्हणजे ते घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. वादकाचे हक्क त्याहून वेगळे असतात. तेव्हा दुसऱ्याच्या स्टुडिओत काम केले असेल किंवा काही लूप एखाद्या मित्राने वाजवले असतील तर हे ध्वनिमुद्रण कोणाचे आणि ते वाटायला कोणाची हरकत नाही, हे एका कागदावर लिहून सह्या घ्या. मैत्रीत हा कागद संकोचाचा वाटतो, तरीही तो घ्या.

परवान्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे पर्याय आहेत. ‘अव्यावसायिक वापरापुरते’ हा पर्याय सज्जनपणाचा दिसतो, पण तो संगीतकाराच्या कामाचा नाही. त्याचे गाणे चित्रपटाला गेले, लग्नाच्या कार्यक्रमात वाजले किंवा त्याच्या चॅनेलवर जाहिरात आली की तो अडकतो. सगळे हक्क सोडणारा ‘सीसी झिरो’ सर्वांत निर्वेध आहे. श्रेय हवे असेल तर ‘सीसी बाय’ घ्या आणि श्रेयाची ओळ कशी लिहावी हे स्वतःच लिहून द्या. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठातून २००५ पासून चालणाऱ्या फ्रीसाउंडवर हे परवाने निवडून फाइली ठेवता येतात. हे परवाने एकदा दिले की मागे घेता येत नाहीत, याची जाणीव ठेवून निर्णय करा. ‘गाण्यात मोकळेपणाने वापरा, पण हीच लायब्ररी पुन्हा विकू नका’ एवढीच अट हवी असेल तर ती साध्या मराठीत आणि इंग्रजीत स्वतंत्र लिहा. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे नाव वापरू नका.

माहितीपत्रात एक सूचना ठळक अक्षरांत द्या. या लूपवर केलेले गाणे यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये (हक्काचे संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदवले तर तोच लूप वापरलेल्या दुसऱ्या सगळ्या मित्रांच्या गाण्यांवर दावे जाऊ शकतात. सर्वांना खुल्या असलेल्या लूपवर असा एकट्याचा दावा करायला यूट्यूबचे नियमही परवानगी देत नाहीत. नोंदणी करायचीच असेल तर लूप न वापरता त्याची सोबतची मिडी फाइल घेऊन ओळ बदलावी आणि ती सुट्या स्वरांवर नव्याने बांधावी, असे त्यात स्पष्ट लिहा.